कीटो आणि अँक्झायटीच्या गोळ्या: मीठ, पोटॅशियम, मॅग्नेशियमचा हिशोब

कीटो म्हणजे कर्बोदकं अगदी कमी करणारा आहार. त्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगातलं मीठ कमी पडलं की छातीत धडधडतं, हात थरथरतात, झोप उडते, उगाचच चिडचिड होते. ही यादी अँक्झायटीच्या लक्षणांशेजारी ठेवली तर फरक सापडत नाही. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन अशा अँक्झायटीच्या गोळ्यांच्या पहिल्या दोन आठवड्यांतही पुष्कळांना हेच होतं. त्यामुळे माणसं दोन्ही बाजूंनी चुकतात. कोणी मीठ हवं असताना क्लोनाझेपाम या गुंगी आणणाऱ्या औषधाची जादा अर्धी गोळी घेतं. कोणी गोळीमुळे रक्तातलं सोडियम उतरलेलं असताना ‘कीटो फ्लू आहे (म्हणजे कीटोच्या सुरुवातीचा वरचा त्रास), पाणी पी’ हा सल्ला ऐकून चार-पाच लिटर पाणी पितं. दुसरी चूक जास्त महागात पडते.

पुढचं सगळं या दोन चुका टाळण्यासाठी आहे. कीटो करायचं ठरलं आहे आणि गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ते सांगितलं आहे, असं इथे धरलं आहे. सांगितलं नसेल तर आधी तो फोन करा.

मीठ जातं कुठे

दिवसाला कर्बोदकं २० ते ५० ग्रॅमवर आली की इन्सुलिन खाली येतं. मूत्रपिंडाला सोडियम धरून ठेवायला सांगणाऱ्यांपैकी इन्सुलिन एक आहे. ते कमी झालं की मूत्रपिंड सोडियम सोडून देतं आणि त्याच्या मागोमाग पाणी जातं. शिवाय यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी असतं, तेही सुटतं. पहिल्या आठवड्यात काट्यावर उतरणारे दोन-तीन किलो बहुतेक हेच असतात. पेढे वाटण्यासारखं त्यात काही नाही.

त्याच आठवड्यात आपण वडापाव, फरसाण, ब्रेड, पापड, हॉटेलची ग्रेव्ही बंद करतो, म्हणजे मिठाची सगळ्यात मोठी आवकही थांबते. वर मुंबईचा घाम. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरमध्ये सकाळच्या गर्दीत विरार-चर्चगेट उभ्याने केलं की शर्ट पिळून निघतो, आणि घामाच्या प्रत्येक लिटरमागे साधारण अर्धा ते एक ग्रॅम सोडियम जातं, काहींचं त्याहून जास्त.

सोडियम कमी पडलं की शरीर अल्डोस्टेरॉन वाढवतं. हे संप्रेरक सोडियम वाचवतं, पण त्या बदल्यात पोटॅशियम लघवीतून बाहेर टाकतं. म्हणून क्रम लक्षात ठेवायचा: आधी सोडियम, मग पोटॅशियम, मग मॅग्नेशियम. मीठ न सुधारता पोटॅशियमच्या मागे लागणं म्हणजे भोक पडलेल्या पिंपात पाणी भरणं.

यातल्या कोणीही स्वतःहून सुरू करू नये

लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध चालू असलेल्यांनी अजिबात नाही. अंगातलं सोडियम कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं, रक्तातली पातळी चढते आणि ती विषारी होऊ शकते. पुढे मीठ एकदम वाढवलं तर पातळी पडते आणि आजार उलटतो. असा झोपाळा रक्ताच्या वारंवार तपासण्यांशिवाय सांभाळता येत नाही.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधं कीटोबरोबर घेतली तर साखर फारशी न वाढताही कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे रक्त धोकादायक आम्ल होणं, होऊ शकतो. ग्लुकोमीटर ठीक आकडा दाखवतो आणि माणूस गाफील राहतो. मूत्रपिंडाचा आजार, हार्ट फेल्युअर, टाइप १ मधुमेह, गरोदरपण, अंगावर पाजणं, आणि पूर्वी कधी खाण्याचा विकार झालेला असणं, हीदेखील थांबण्याचीच कारणं. मायग्रेनसाठी किंवा वजनासाठी टोपिरामेट चालू असेल तर मूतखडा आणि रक्तातली आम्लता हे दोन्ही धोके कीटोने वाढतात.

स्ट्रिपवरची बारीक अक्षरं वाचा

आपल्याकडे मिश्र गोळ्या खूप लिहिल्या जातात. एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम एकाच गोळीत असतात आणि घेणाऱ्याला वाटतं आपण एकच औषध घेतोय. स्ट्रिप उलटी करा, ब्रँडच्या नावाखालची मूळ नावं कागदावर उतरवा, आणि मग पुढचं वाचा.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन, तसंच व्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलोक्सेटिन: या गटात सोडियम उतरण्याचा धोका खरा आहे. या गोळ्यांमुळे काहींच्या शरीरात पाणी धरून ठेवणारं संप्रेरक गरजेपेक्षा जास्त सुटतं. मीठ असतं तेवढंच राहतं, पाणी वाढतं, म्हणजे रक्त पातळ होतं. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत हे जास्त होतं. साठीच्या पुढचे, त्यातही स्त्रिया, अंगाने बारीक माणसं, आणि रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन घेणारे इथे आघाडीवर. रक्तदाबाच्या अनेक मिश्र गोळ्यांत टेल्मिसार्टनबरोबर यांपैकीच एक औषध असतं, तेव्हा तीही स्ट्रिप वाचा. मिर्टाझापिनमध्ये हा धोका तुलनेने कमी आहे.

म्हणजे कीटोवर सोडियम दोन वेगळ्या वाटांनी उतरू शकतं. एका वाटेत मीठ गेलेलं असतं आणि उपाय मीठ हा असतो. दुसरीत पाणी साठलेलं असतं आणि उपाय पाणी कमी करणं हा असतो. रिपोर्टवर मात्र दोन्हीकडे ‘सोडियम १२९’ एवढंच छापून येतं. वेगळेपण ओळखायची घरगुती खूण पुढे आहे. पक्कं निदान डॉक्टर लघवीतल्या सोडियमवरून करतात.

एस्सिटालोप्राम आणि सिटालोप्राम हृदयाच्या ठोक्यातला क्यूटी नावाचा कालावधी लांबवू शकतात. हायड्रॉक्सिझिनही त्याच पंगतीत बसतं. एरवी बहुतेकांना त्याने काही होत नाही, पण पोटॅशियम आणि मॅग्नेशियम उतरलेलं असताना तोच लांबलेला कालावधी ठोका बिघडवू शकतो. साठीनंतर एस्सिटालोप्रामचा डोस साधारण १० मिलिग्रॅमवर थांबवतात त्याचं कारण हेच.

व्हेन्लाफॅक्सिन डोसप्रमाणे रक्तदाब वाढवतं. ते चालू असेल तर जादा मीठ रक्तदाब मोजल्याशिवाय घ्यायचं नाही.

प्रोप्रानोलॉलची गोष्ट वेगळी. धडधड, थरथर दाबण्यासाठी ते देतात आणि त्याने नाडीही दबते. मीठ कमी पडलं तरी नाडी वाढून सांगणार नाही. साखर उतरली तरी धडधड होणार नाही, घाम मात्र सुटेल. ही गोळी असताना नाडीच्या आकड्यावर विसंबू नका. तिचं शोषण जेवणावर अवलंबून असतं, म्हणून रोज एकतर जेवणासोबत घ्या नाहीतर रोज रिकाम्या पोटी. कीटोबरोबर न्याहारी बंद केली आणि गोळी तशीच रिकाम्या पोटी घ्यायला लागलात, तर नकळत डोसच बदलतो.

क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, एटिझोलाम यांचा क्षारांशी थेट संबंध फारसा नाही. धोका पडण्याचा आहे. मीठ कमी असताना रात्री लघवीला उठलं की रक्तदाब खाली जातो, त्यात गोळीची गुंगी, आणि बाथरूमची ओली लादी. कमी डोसमध्ये झोपेसाठी दिलेलं क्वेटियापिनही असंच वागतं. एक कडक नियम: कीटोने बरं वाटतंय म्हणून या गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत. फिट येऊ शकते. कीटो आहार १९२१ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये मांडला गेला तो फिट्सच्या उपचारासाठीच, पण त्याचा अर्थ तो गोळीची जागा घेतो असा होत नाही.

प्रीगाबालिनने पाय सुजू शकतात, आणि ते ‘मीठ जास्त झालं’ असं वाटून माणूस मीठ तोडतो. फ्लुव्होक्सामिन घेणाऱ्यांच्या अंगात कॅफिन फार वेळ टिकतं. लोणी घातलेल्या कॉफीचे दोन मग त्यांना दिवसभर धडधड देऊ शकतात आणि दोष बिचाऱ्या मिठावर जातो.

सुरुवात कधी आणि कोणत्या तपासण्यांनंतर

गोळी सुरू केल्यापासून किंवा डोस बदलल्यापासून निदान चार आठवडे कीटो सुरू करू नका. दोन गोष्टी एकत्र बदलल्या तर कशामुळे काय झालं ते डॉक्टरांनाही सांगता येणार नाही. गणपती, लग्न, परगावचा प्रवास हे दिवसही टाळा.

आधी करायच्या तपासण्या: सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, मॅग्नेशियम, उपाशीपोटी साखर, युरिक अ‍ॅसिड. एस्सिटालोप्राम, सिटालोप्राम, हायड्रॉक्सिझिन किंवा अमिट्रिप्टिलिनसारखं औषध असेल तर ईसीजी. रक्त देताना मूठ पुन्हा पुन्हा आवळू नका, त्याने पोटॅशियम खोटं जास्त दिसतं. नमुन्यातल्या पेशी फुटल्या तरी तेच होतं, रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ लिहिलं असेल तर तपासणी परत करून घ्या. सोडियम १३५ ते १४५ आणि पोटॅशियम ३.५ ते ५ या मर्यादेत असायला हवं. सोडियम आधीच १३५च्या खाली असेल तर कीटो बाजूला ठेवा, आधी कारण शोधा.

तपासण्या दोन आठवड्यांनी पुन्हा, मग सहा आठवड्यांनी. घरात दंडाला बांधायचं रक्तदाबाचं मशीन हवं. मनगटावरचं चालेल, पण आकडे डगमगतात.

मीठ मोजायचं कसं

१ ग्रॅम मिठात साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम. मापाचा सपाट छोटा चमचा म्हणजे सुमारे ६ ग्रॅम मीठ. घरातले चहाचे चमचे कुठल्याही मापाचे असतात, त्यांच्यावर जाऊ नका.

सध्या पोटात किती जातंय ते एका साध्या हिशोबाने कळतं. मिठाच्या एक किलोच्या पुड्यावर उघडल्याची तारीख लिहा. चार माणसांच्या घरात तो २५ दिवसांत संपला, तर दिवसाला ४० ग्रॅम, माणशी १०. कीटोवाल्याच्या ताटातून आमटी, पोळी, भात आणि त्यांच्यातलं मीठ गेलं, म्हणून त्याच्या वाट्याला अंदाजे निम्मं, ५ ग्रॅम धरा.

रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड ठीक असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर पहिले दोन-तीन आठवडे एकूण ८ ग्रॅमच्या आसपास पुरतं, म्हणजे साधारण ३२०० मिलिग्रॅम सोडियम. डब्ल्यूएचओची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ ही आहे. हे वरचं मीठ कीटोच्या गळतीपुरतं आणि तेवढ्याच काळापुरतं. कीटोवाले बारा-बारा ग्रॅमपर्यंत सांगतात. गोळ्या चालू असताना त्या आकड्यावरून सुरुवात करायची गरज नाही.

तेव्हा ताटातल्या ५ ग्रॅमवरचे ३ ग्रॅम वेगळे काढायचे. सकाळी एका छोट्या डबीत मापाच्या सपाट अर्ध्या चमच्याएवढं मीठ घाला, ते झाले ३ ग्रॅम. वजनकाट्यावर एकदा खात्री करून घेतलेली बरी. ही डबी दिवसभरात तीन वेळा मिळून संपवायची, एकदम कधीच नाही. रिकाम्या पोटी एका घोटात ३ ग्रॅम मीठ घेतलं तर जुलाब होऊ शकतात आणि हवं ते मीठ त्यातूनच निघून जातं. बाहेर पडताना एकेक ग्रॅमच्या पुड्या बांधा, अंगाऱ्याची पुडी बांधतो तशा, आणि त्या दिवसाची तारीख लिहिलेल्या कागदात गुंडाळा. संध्याकाळी पुडी उरली आहे की नाही हे पाहिलं की हिशोब आपोआप लागतो.

मीठ साधं आयोडीनवालंच घ्या. सैंधव किंवा गुलाबी मीठ जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच असतं, त्यातलं पोटॅशियम नावापुरतं. खडे जाड असतील तर चमच्यात कमी बसतं आणि मापही चुकतं. ‘लो सोडियम’ मीठ हा मात्र वेगळा प्रकार आहे, त्यात पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पिरोनोलॅक्टोन ही रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांनी आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नये.

रक्तदाब १४०/९०च्या वर गेला, किंवा पावलांवर बोट दाबल्यावर खड्डा राहायला लागला, तर वरचं मीठ थांबवा आणि फोन करा.

पाणी

‘कीटोवर भरपूर पाणी प्या’ हा सल्ला सर्ट्रालिन-एस्सिटालोप्राम घेणाऱ्यांसाठी सगळ्यात वाईट. शिवाय अमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, कीटोने तहान लागते, आणि माणूस बाटलीमागून बाटली रिचवत जातो. बहुतेकांना एकूण २ ते अडीच लिटर पुरतं, घामाच्या दिवसांत ३. चहा, ताक, सूप, सोलकढी सगळं त्यात धरून. लघवी फिक्या पिवळ्या रंगाची असावी. दिवसभर पाण्यासारखी पांढरी होत असेल तर कौतुक करू नका, पाणी कमी करा. तोंड कोरडं पडलं तर चूळ भरा, लवंग चघळा. ती तहान नाही.

पोटॅशियम: ताटातून, बाटलीतून नाही

केमिस्टकडे पोटॅशियम क्लोराइडचं सिरप मिळतं. तपासणीशिवाय ते घेणं धोक्याचं आहे, कारण पोटॅशियम कमी पडल्यावर हृदय जसं बिघडतं तसंच जास्त झाल्यावरही. प्रोप्रानोलॉल स्वतःही ते थोडं वाढवतं.

ताटातून मात्र मुंबईत अवघड काही नाही. कच्च्या वजनावर १०० ग्रॅम पालकात साडेपाचशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम, तेवढ्याच मशरूममध्ये ३००, दीडशे ग्रॅम बांगड्यात किंवा रावसात ५००च्या जवळपास. १०० ग्रॅम दह्यात दीडशे, ५० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात पावणेदोनशे, ३० ग्रॅम भोपळ्याच्या बियांत सव्वादोनशे-अडीचशे. बेरीज दोन हजारांच्या जरा खाली येते, आणि यात अजून कोबी, फ्लॉवर, अंडी, संध्याकाळचं चिकन धरलेलंच नाही. अ‍ॅव्होकॅडो मिळालं तर छान, १०० ग्रॅम गरात पावणेपाचशे, पण त्यावाचून काही अडत नाही.

पालेभाजी उकडून पाणी फेकलं की पोटॅशियम मोरीत जातं. झाकण ठेवून तिच्याच पाण्यात शिजवा. मूतखड्याची सवय असेल तर रोज पालक, माठ किंवा अळू नको, आलटून पालटून मेथी, कोबी घ्या. लिंबूपाण्यातून पोटॅशियम मिळतं हा गोड गैरसमज आहे, एका लिंबाच्या रसात ते अगदी थोडं असतं. शहाळ्यात खरंच भरपूर असतं, एका पेल्यात ४०० ते ६००, पण त्याच्याबरोबर ६ ते ९ ग्रॅम कर्बोदकं येतात. दिवसाची मर्यादा २५ ग्रॅम असेल तर अर्धा पेला प्या आणि उरलेलं दुसऱ्याला द्या. मलई आपली.

हाडांच्या सूपबद्दलही थोडं. पाया सूप किंवा चिकनचा स्टॉक चांगला लागतो, मीठ घ्यायला उत्तम वाहन आहे, पण त्यातून पोटॅशियम-मॅग्नेशियमची भर फारशी पडत नाही. काम करतं ते आपण वरून घातलेलं मीठ.

मॅग्नेशियम

ते कमी पडल्याच्या खुणा: पायात गोळे, पापणी फडफडणं, बद्धकोष्ठता. आधी बिया: ३० ग्रॅम भोपळ्याच्या बियांत दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास, मूठभर बदामांत ८०, मोठा चमचाभर तिळांत ३०. तिळाची चटणी रोज पानात असली तरी फरक पडतो, गूळ वगळून.

गोळी घ्यायची तर लेबल नीट वाचा. ‘मॅग्नेशियम ग्लायसिनेट १००० मिलिग्रॅम’ लिहिलेल्या गोळीत प्रत्यक्ष मॅग्नेशियम १४० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. ‘एलिमेंटल’ शब्दापुढचा आकडा खरा. रात्रीच्या जेवणानंतर १०० पासून सुरू करा, पुढे फार तर २००. ऑक्साइड स्वस्त असतं, पण अंगी कमी लागतं आणि पोट सैल करतं. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर, डॉक्सीसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक असेल तर किती तास अंतर हवं ते केमिस्टला विचारा, गॅबापेंटिन असेल तर ते मॅग्नेशियमनंतर दोन तासांनी. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियमची गोळीच नको. आणि मॅग्नेशियमने झोप लागली म्हणून क्लोनाझेपाम सुटली असं समजू नका.

दिवस कसा बसवायचा

सकाळी सातला उठल्यावर पाणी पेलाभर, बस. न्याहारीला दोन अंड्यांचं ऑम्लेट, पालक-मशरूम, सोबत सकाळची गोळी. घरून निघण्याआधी पहिली पुडी पेलाभर पातळ ताकात, म्हणजे गाडीतला घाम सुरू होण्याआधी मीठ आत गेलेलं असतं. दुपारच्या डब्यात मासे किंवा पनीर, कोबीची भाजी, दही. चारच्या सुमाराला दुसरी पुडी गरम सूपमध्ये. डोकं जड होतं ते बहुधा याच वेळी, आणि हात आपोआप कॉफीकडे जातो.

रात्री सोलकढी. नारळाचं दाट दूध अर्धी वाटी, तेवढंच पाणी, आठ-दहा आमसुलं भिजवून पिळलेली, ठेचलेला लसूण, मिरची, कोथिंबीर, आणि तिसरी पुडी. साखर नाही. आमसुलांऐवजी आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, वापरलं तर ते आधीच खारट असतं, तेव्हा पुडी अर्धी करा आणि चाखून बघा. बाटलीतलं कोकम सरबत म्हणजे साखरेचा पाक, नावावरून गोंधळ नको. जेवणानंतर मॅग्नेशियम, झोपताना रात्रीची गोळी. रात्री नऊनंतर मोठे पेले नकोत, म्हणजे गुंगीत उठावं लागणार नाही.

धडधड झाली, चक्कर आली, आता काय

आधी गंभीर खुणा. गोंधळल्यासारखं बोलणं, सतत उलट्या, फिट, शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, ठोके चुकत असल्याची स्पष्ट जाणीव, खोल आणि जोरजोरात श्वास: यातलं काहीही असेल तर मीठ, पाणी, गोळी काही न देता १०८ किंवा जवळचं रुग्णालय. खूप उतरलेलं सोडियम घरी मीठ पाजून चढवायचं नसतं. ते फार वेगाने चढलं तर मेंदूला इजा होते, म्हणून डॉक्टरही ते तासातासाने मोजत हळूहळू वर आणतात.

त्या खुणा नसतील तर पाच मिनिटं आडवे पडा आणि रक्तदाब मोजा. उभे राहा, एका मिनिटाने मोजा, तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. शेजारी कोणीतरी असू द्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, उभं राहताच अंधारी आली आणि आदल्या दिवशी फार पाणी प्यालेलं नसेल, तर मीठ-पाणी दोन्ही कमी पडल्याचा संशय बळकट. एक पुडी पेलाभर गरम पाण्यात घ्या, बसून राहा, वीस-तीस मिनिटांनी परत मोजा. सुधारलं तर उत्तर मिळालं. मात्र प्रोप्रानोलॉल, क्वेटियापिन किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ही उतरण गोळीचीही असू शकते. दोन-तीन दिवस असंच दिसत राहिलं तर आकडे डॉक्टरांना वाचून दाखवा.

उभं राहून आकडा पडत नाही, पण डोकं जड, मळमळ, सुस्ती, आणि पाणी भरपूर प्यालेलं: इथे पाणी साठल्याचा संशय घ्यायचा. आणखी पाणी नको, मिठाचा प्रयोग नको, त्याच दिवशी सोडियमची तपासणी. १३० ते १३५ आलं तर डॉक्टरांना कळवा, १३०च्या खाली आलं तर त्याच दिवशी भेटा, १२५च्या खाली थेट भरती व्हायच्या तयारीने जा.

दोन्हीपैकी काहीच नाही, आकडे ठीक आहेत, आणि धडधड नेहमीच्याच कारणाने आली, म्हणजे बॉसचा फोन, बंद लिफ्ट, अडकलेली लोकल, तर ती अँक्झायटी आहे. डॉक्टरांनी त्यासाठी जे सांगून ठेवलंय तेच करायचं. मधुमेहाची ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र या सगळ्याच्या आधी बोट टोचून साखर बघा. मनात जगण्याबद्दल काळे विचार येत असतील तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. डॉक्टर गाठता येत नसतील तर केईएम, सायन, नायर, कूपर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे.

जुलाब, उपास आणि रविवारची बिर्याणी

पावसाळ्यात पोट बिघडलं की कीटो तिथल्या तिथे थांबवा. ओआरएसच्या एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं म्हणून कीटोवाले ते टाळतात, आणि तीच मोठी चूक ठरते. आतड्यात सोडियम ग्लुकोजचा हात धरून आत शिरतं. साखर काढलेलं ओआरएस जुलाबात नीट काम करत नाही. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी मोजून घाला. टेट्रापॅकमधली फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने प्रमाणित सूत्राबाहेरच्या पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली आहे. उलटीत गोळी पडली असेल, किंवा दोन दिवस पोटात टिकत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. गोळ्या अचानक तुटल्यानेही चक्कर आणि धडधड होते.

कीटोच्या पहिल्या महिन्यात निर्जळी उपास नको. एकादशी-संकष्टी करायचीच असेल तर सैंधव घातलेलं ताक आणि खोबरं चालतं. साबुदाणा, वरी आणि बटाटा कीटोत बसत नाहीत.

पाच दिवस कीटो आणि शनिवार-रविवार बिर्याणी, ही पद्धत गोळ्या घेणाऱ्यांना सगळ्यात जास्त त्रास देते. रविवारी कर्बोदकं आली की मूत्रपिंड पुन्हा सोडियम धरतं, पाणी साठतं, सोमवारी अंगठी घट्ट होते. बुधवारपर्यंत सगळं परत निघून जातं आणि धडधड सुरू होते. दर आठवड्याला कीटो फ्लूचा पहिला दिवस. त्यापेक्षा रोज ६०-८० ग्रॅम कर्बोदकांचा आहार शांतपणे चालवलेला बरा.

कीटो सोडतानाही हेच गणित उलटं चालतं. पोळी-भात परत सुरू केल्यावर एक-दोन दिवसांतच गळती थांबते, पण हाताला जास्त मिठाची सवय लागलेली असते. तसंच चालू ठेवलं तर पाय सुजतात, रक्तदाब चढतो, व्हेन्लाफॅक्सिनवाल्यांचा तर पटकन. पहिली पोळी ताटात आली त्या सकाळपासून डबी भरू नका, आणि आठवडाभर रोज एकदा रक्तदाब मोजा.